गाभाऱ्याचं सारवण

उंबरखेडीच्या पांढरीवर खोदकाम सुरू झालं, तेव्हा बायनाबाईला कुणाशी धड बोलून अकरा दिवस झाले होते. अगदीच मुकी बसली होती असं नाही. दुकानात जाऊन पावशेर साखर मागितली होती, पालमची एसटी गेली का म्हणून विचारणाऱ्या परक्या बाईला गेली म्हणून सांगितलं होतं, आणि शेजारच्या कोंबडीला तर रोजच्या रोज शिव्या घातल्या होत्या. पण ज्याला बोलणं म्हणावं, म्हणजे आपण एक म्हणावं, समोरच्यानं भलतंच समजून घ्यावं आणि मग दोघांनी मिळून ते निस्तरत बसावं, तसलं काही घडलं नव्हतं.

नवऱ्याला, किशनरावांना, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा परमेश्वर पुण्याकडं कंपनीत. तो रविवारी फोन करायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, मोबाईल चार्जिंगला लाव. दोन प्रश्न आणि एक हुकूम, की रविवार संपला. एकदा ती त्याच्याकडं राहायला गेली आणि बावीस दिवसांनी परत आली. तिथं माणसं दारं लावून राहायची. दारं लावून एकटंच बसायचं तर आपलं घर काय वाईट, असं तिचं म्हणणं. सून चांगली आहे, हेही ती न विसरता सांगायची, आणि ते खरंच होतं.

पांढरी म्हणजे गावाच्या उगवतीचा मोठा उंचवटा. मागं कधीतरी गाव तिथंच नांदत होतं म्हणत. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथली पांढरी माती आणून घरांच्या धाब्यांवर टाकली. मातीत हातभर लांबीच्या विटा निघायच्या. त्यांच्या चुली मांडल्या, न्हाणीत उभं राहायला घातल्या. एवढी लांब वीट आता कुठल्याच भट्टीवर का होत नाही, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मग गेल्या दसऱ्याच्या सुमाराला गावचे बडे शेतकरी आबासाहेब यांच्या पाइपलाइनची नाली खोदताना कमळाच्या पाकळ्या काढलेली वीट निघाली, कुणीतरी तिचा फोटो मोबाईलवर फिरवला, आणि डिसेंबरात पुरातत्त्व खात्याच्या सुनेत्रा मॅडम आल्या.

मॅडम पंचेचाळिशीच्या. उन्हानं रापलेल्या, डोक्याला पुरुषासारखी दस्ती बांधलेल्या. पालमला खोली घेऊन राहायच्या आणि सकाळी सातच्या आत पांढरीवर हजर. त्यांनी गावातल्या नऊ बाया आणि सहा गडी कामावर घेतले, महारुद्र नावाच्या गावच्याच माणसाला मुकादम केलं. बायनाबाईला आधी टोपलं दिलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं टोपलं ठेवायच्या आधी ती जागा पदरानं झटकली, ते मॅडमनी पाहिलं आणि तिच्या हातात ब्रश दिला.

तेवढ्यावरून नर्मदाबाई पंधरा दिवस बोलत होती. नर्मदाबाई समोरच्या आळीतली, अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून. म्हणायची, "आमी टोपलं वाहावं आन्‌ बायनाबाईनं मातीला पावडर लावावी. नशीब लागतंय माय." बायनाबाई म्हणायची, तुझ्या हातात ब्रश दिला तर देऊळ परत खाली जाऊन बसेल. मग सगळ्या हसायच्या. असल्या बोलण्यासाठी बायनाबाई सकाळी साडेसहालाच पांढरीवर येऊन बसे.

हळूहळू भिंती वर आल्या. म्हणजे भिंती होत्या तिथंच होत्या, माती खाली गेली. मॅडम म्हणाल्या की हे अख्खं देऊळ विटेचं. दगड लांबून आणायचा, पण नदीचा गाळ पायाशी होता, म्हणून बांधणाऱ्यांनी गाळाचीच वीट पाडली. विटेत भाताचा भुसा घातलेला, भाजताना तो जळून गेलेला, म्हणून एवढी थोरली वीट हातात हलकी लागायची. जोड असे की सुरीचं पातं जाऊ नये. बाहेरची भिंत सरळ न जाता वीतवीतभर आत-बाहेर होत गेलेली, लुगड्याच्या निऱ्यांसारखी. निऱ्यांची गोष्ट बायनाबाईनं सांगितली होती. मॅडमनी ती वहीत लिहून घेतली, तेव्हा बायनाबाईला दोन दिवस अन्न गोड लागलं.

दार पूर्वेला, आत लाकडी खांबांच्या खड्ड्यांचा मंडप, त्याच्या मागं आठ हात चौरस गाभारा. गाभाऱ्यात देव नव्हता. कोण देव होता त्याचीही काही खूण नव्हती. गाव म्हणायचं महादेव, आबासाहेब म्हणायचे बालाजी, आणि नकाशे काढणारे दिनकरराव, जे पुढच्या वर्षी रिटायर होणार होते आणि त्याची वाट पाहत होते, ते म्हणायचे की आपल्याला मापं घ्यायचा पगार आहे. गाभाऱ्याची जमीन मात्र शाबूत निघाली. चुना आणि माती घोटून केलेली, फिकट राखाडी. वायव्येच्या कोपऱ्यात हातभर जागा काळी होती. तिथं दिवा जळत असावा, राख आणि काजळी जमिनीत मुरली होती.

मॅडमचा सगळा जीव त्या काळ्या कोपऱ्यात होता. देऊळ किती वर्षांचं ते ही राख सांगेल, असं त्या म्हणायच्या. विटेला बोलता येत नाही, जळालेल्याला येतं. बायनाबाईनं ते ऐकलं होतं. पण ऐकणं आणि कळणं यात अंतर असतं, आणि ती राख प्रयोगशाळेत जाऊन बोलणार आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, जाणकार माणूस राखेकडं बघून ओळखत असेल, वैदू नाडी बघून ओळखतो तसं.

फेब्रुवारीत एका रविवारी सांगावा आला की सोमवारी मोठे साहेब पाहणीला येणार. पुढच्या साली काम चालू ठेवायचं की नाही, ते साहेबांच्या मतावर होतं. शिवरात्र पाच दिवसांवर आलेली. मॅडमनी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं की उद्या दहाला गाभाऱ्याचा फोटो आहे, जागा नीट असावी. बायनाबाईला वेगळं बोलावून म्हणाल्या, पुढच्या वर्षी काम मिळालं तर गाभारा तुमच्याकडेच. ती घरी गेली ती चालत नव्हे, तरंगत.

भाकरी थापतानाही तिच्या डोळ्यासमोर ती जमीन होती. आठ दिवसांच्या उन्हानं तिला बारीक चिरा गेल्या होत्या. कितीही ब्रश फिरवा, तासाभरात धूळ बसायची. पाव्हणे येणार, घर देवाचं, दारात शिवरात्र, आणि जमीन अशी उलून गेलेली. बाईमाणसाच्या घरची जमीन अशी दिसली तर पाव्हणा तोंडावर बोलत नाही, पण गावभर बोलतो. किती शतकं झाली असतील तिला शेणाचा हात लागून. भिंतींचे थर दिसावेत म्हणून मॅडम स्वतः पंपानं पाणी मारायच्या, म्हणजे पाणी चालत होतं. चप्पल चालत नाही, टिकाव चालत नाही, तंबाखू चालत नाही, हे सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेणाचं कुणी काही बोललं नव्हतं. कोण बोलणार? ज्या माणसांनी नियम केले, त्यांच्या घरी फरशी होती.

तिनं दिवेलागणीला आबासाहेबांच्या गोठ्यातून गाईचं शेण आणलं. सकाळी राखणीचा माणूस सहाला अंघोळीला घरी गेला, तेव्हा ती बादली घेऊन गाभाऱ्यात उतरली. शेणात पांढरी माती कालवून पातळ केलं, आणि मागच्या भिंतीपासून दाराकडं, सरकत सरकत, हाताच्या पंज्यानं अर्धगोल काढत सारवलं. एकसारखं. कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही, एक कमान दुसरीत मिसळलेली. काळा कोपरा तिनं दोनदा सारवला, कारण तो जास्त खराब दिसत होता. रांगोळी घालायचा मोह आवरला. फोटोत रंगीत काही आलेलं मॅडमना आवडत नाही, हे तिला माहीत होतं.

महारुद्र आधी आला. आत डोकावून म्हणाला, मावशी, जागेला कळा आली. नर्मदाबाईनं पाहिलं, आणि टोचून बोलण्यासारखं काही सापडेना म्हणून गप्प बसली. बायनाबाईला ते कुठल्याही शाबासकीपेक्षा मोठं वाटलं. मग दिनकरराव आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खाली न उतरता मॅडमना फोन करायला बाजूला गेले.

मॅडम आल्या. खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. बायनाबाई हात धुऊन, पदर सारखा करून उभी होती.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं. कुणी सांगितलं न्हाई, माझ्या मनानंच," बायनाबाई म्हणाली. आवाजात किती अभिमान होता, ते तिला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, गावात ओरडण्याची सवय असते, ते अंगावरून वाहून जातं. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि हळूहळू समजावलं. राखेतल्या कोळशाचं वय मशीनवर काढतात. त्याच्यात काल-परवाचं काही मिसळलं की मशीन फसतं. आता त्या राखेवर कालच्या गाईचं शेण होतं, आणि पाण्याबरोबर ते किती खोल मुरलं असेल, कुणी सांगू शकत नव्हतं.

बायनाबाईला एकेक शब्द कळला. कळला तसे तिचे हात, जे सारवल्यावर थंडगार होते, गरम व्हायला लागले. महारुद्र मधे पडून म्हणाला की गावातल्या पोरांनी केलं असं साहेबांना सांगू, पोरांचं काय, ती तशीही बदनाम आहेत. मॅडम म्हणाल्या, नको. बायनाबाईनंही मान हलवली. तिला निंबाच्या झाडाखाली खापऱ्या धुणाऱ्या बायांपाशी बसायला सांगितलं. ती बसली, पण टबात हात घालेना.

तिथं बसल्या बसल्या तिला दुसरीच गोष्ट टोचायला लागली. सारवताना गाभाऱ्याच्या मधोमध तिचा पंजा जरासा बुडाला होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, जमीन एकसारखी होती. पण जन्मभर सारवणाऱ्या हाताला जमिनीखालचं कळतं. कुठं उंदराचं बीळ आहे, कुठं नंतर भर घातली आहे. मधे हात-दीड हात जागा मऊ होती, आणि तिथून एक पट्टा उत्तरेच्या भिंतीकडं गेला होता. तिथं पाणी जास्त प्यालं होतं. सांगावं का? ज्यानं घर जाळलं त्यानं खिडकी कुठं होती ते सांगू नये, असं तिला वाटलं. पण अकराच्या सुमाराला मॅडम पाणी प्यायला झाडाखाली आल्या, तेव्हा तिच्यानं राहवलं नाही.

"मॅडम, रागवा, पन एकदा जाऊन बगा. बाकीचं वाळलं आसंल. मधलं न्हाई वाळायचं."

साहेब तोवर आले होते. मॅडम गेल्या, साहेबही गेले. गाभाऱ्याची सगळी जमीन उन्हानं फिकट झाली होती, आणि मधोमध एक ओला, काळसर चौकोन उमटला होता. चौकोनातून वीतभर रुंदीचा पट्टा उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेला होता, आणि भिंतीत, जिथं तो पोचत होता, तिथली एक वीट बाकीच्यांपेक्षा अर्ध्या बोटानं खाली होती. दिनकररावांनी, ज्यांना मापं घ्यायचा पगार होता, चप्पल काढून धावत टेप आणला. वाळून जायच्या आत त्यांनी तो चौकोन कागदावर उतरवला. त्या वेळी त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता, असं नर्मदाबाई नंतर म्हणाली.

देव तिथं बसला होता, आणि त्याच्यावर घातलेलं पाणी उत्तरेला बाहेर जात होतं. मॅडम म्हणाल्या, एवढंच म्हणता येईल. गावानं संध्याकाळपर्यंत महादेव पक्का केला, आणि आबासाहेबांनी आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असं सांगायला सुरुवात केली.

साहेब भला माणूस होता. जाताना त्यानं बायनाबाईकडं पाहून हात जोडले. आणि गुरुवारी त्याच भल्या माणसाच्या सहीचं पत्र आलं की संबंधित मजूर महिलेस कामावरून कमी करावे. मॅडमनी ते तिला वाचून दाखवलं. लपवलं नाही, गुळमुळीतही केलं नाही.

"तुमच्या हातानं जे सापडलं ते सापडलं, बायनाबाई. आणि जे बिघडलं ते बिघडलं. एकातून दुसरं वजा होत नाही. मला करता आलं असतं तर केलं असतं."

बायनाबाईनं होय म्हटलं. मग मॅडम म्हणाल्या की त्यांनी साहेबांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली आहे. शेणाचा थर जमिनीवरून काढायचा आहे. पाणी न लावता, जमिनीला ओरखडा न येता, पापुद्रा पापुद्रा करून. तो किती जाड घातला आहे आणि कुठं किती मुरला आहे, हे घालणाऱ्या हातालाच माहीत. तेव्हा ते काढून होईपर्यंत बायनाबाई आत राहील. मग नाही.

शुक्रवारी सगळा गाव शिवरात्रीच्या उपासाच्या भगरीवर होता, आणि बायनाबाई गाभाऱ्यात गुडघ्यांवर बसून, बांबूच्या पातळ कामटीनं, आपण पाऊण तासात घातलेलं सारवण नखाएवढं नखाएवढं उचलत होती. डबीत जमा करायचं, डबीवर मॅडम नंबर घालायच्या. आपल्या शेणाला नंबर पडलेला पाहून तिला हसूही यायचं. दुसरं कुणी आत यायचं नाही. नर्मदाबाईला आता मंडपात ब्रश मिळाला होता. ती मधूनच कडेला येऊन उभी राहायची, काहीतरी खोडी काढावी म्हणून तोंड उघडायची आणि "पाणी पायजे का" एवढंच विचारून जायची. खोडी निघाली असती तर आपण अजून त्यांच्यातलेच आहोत, असं वाटलं असतं.

मॅडम मात्र दिवसाचे चार-पाच तास तिच्याजवळ बसायच्या. नजर ठेवायला, अशी साहेबांची अट होती. नजर ठेवता ठेवता बोलणं व्हायचं. विटा पाडणाऱ्या बाया असतील का, हे बायनाबाईनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, माहीत नाही, असणार. भुसा कालवायचं काम कुणी गडी करतो होय, असं बायनाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. एकदा तिनं विचारलं की मॅडमच्या घरी कोण असतं. मॅडम म्हणाल्या, आई होती, मागच्या वर्षी गेली. मग आता डबा कोण करतं, असं विचारायचं बायनाबाईच्या तोंडावर आलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्या आणि येसराची आमटी जास्त आणली, आणि विचारायची गरज उरली नाही.

पहिल्या दोन दिवसांत दीड-दीड हात रुंदीचा पट्टा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मोकळा झाला. रोज संध्याकाळी मॅडम टेप लावून मोकळी जागा वहीत मांडायच्या. तिसऱ्या दिवशी सव्वा हात. पाचव्या दिवशी पाऊण हात. सातव्या दिवशी वीत.

कारण बायनाबाईनं हिशेब केला होता, आणि तो अवघड नव्हता. सारवण संपलं की आपण संपलो. मग सकाळी साडेसहाला उठून करायचं काय, आणि कुणाला काय म्हणायचं. म्हणून ती एकच पापुद्रा तीनदा न्याहाळायची. कामटी घासून धारदार करायची, जी आधीच धारदार होती. उरलेल्या जागेत तो काळा कोपरा होता, आणि ती कोपऱ्याच्या बाजूला फिरकत नव्हती.

"काल वीतभरच झालं," मॅडम म्हणाल्या.

"उन्हानं कडक झालंय, मॅडम. सुटना गेलंय."

उन्हानं शेण आपोआप सुटतं, उचलून येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मॅडमना ते ठाऊक नसेल, असं समजायची बायनाबाईनं मनाची तयारी केली होती. मॅडमनी वहीत वीत मांडली.

दुपारी त्या मंडपाच्या भिंतीआड फोनवर बोलत होत्या. चोरून ऐकायची बायनाबाईला सवय नव्हती, पण विटेच्या भिंतीला छप्पर नव्हतं आणि आवाज वरून येत होता. राख न्यायला माणसं दोन मार्चला येणार होती. एकच दिवस. तोवर कोपरा मोकळा नसला तर ती तशीच पुढच्या जागेवर जाणार. मग वाळू भरून देऊळ बंद करायचं, आणि देवळाच्या वयाच्या जागी वहीत प्रश्नचिन्ह. तसं प्रश्नचिन्ह घेऊन पुढच्या सालाची परवानगी मागायची म्हणजे, मॅडम फोनवर म्हणाल्या, मागायचीच नाही.

त्या परत येऊन बसल्या. कामटी चालू होती, म्हणजे चालल्यासारखी दिसत होती.

"बायनाबाई, अठ्ठावीसपर्यंत कोपरा मोकळा झाला तर खालची राख चांगली मिळण्याची आशा आहे. नाही झाला तर नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. मी घाई करणार नाही."

बायनाबाईनं मान वर केली नाही. त्यांना कळलं होतं. केव्हापासून कळलं होतं कोण जाणे. कदाचित पाचव्या दिवसापासून, कदाचित पहिल्यापासून. आणि कळूनही त्या रोज टेप लावत होत्या, वीत म्हणजे वीत असं लिहीत होत्या, आणि भाकरी खात होत्या.

घरी गेल्यावर तिनं दिवा लावला नाही, तशीच उंबऱ्यात बसली. मनाशी भांडून पाहिलं. या बाईचं देऊळ हजार वर्षांचं निघालं काय आणि दीड हजार वर्षांचं निघालं काय, आपल्याला त्याचं काय? देऊळ तर आहेच. वयानं काय होतं? मग तिला आठवलं की आपल्या आईला मरताना वय विचारलं होतं दवाखान्यात, आणि कुणालाच सांगता आलं नव्हतं. कागदावर साठ लिहिलं. साठ नव्हतं. म्हातारी ऐंशीच्या पुढची होती, तिनं निजामाचं राज्य पाहिलं होतं, आणि कागदावर साठ वर्षांची बाई मेली. त्याला आता तीस वर्षं झाली. पण ते खोटं साठ बायनाबाईला अजून खुपत होतं.

सत्तावीसला ती कोपऱ्याशी जाऊन बसली. मॅडम आल्या, पाहिलं, डब्या काढून ओळीनं मांडल्या. दोनदा सारवलेला थर जाड होता. वरचा सहज आला, खालचा राखेला धरून बसला होता. कामटीनं सोडवून, श्वास रोखून ब्रशच्या टोकानं उचलावा लागायचा, कारण श्वासानंही राख उडायची. नर्मदाबाई कडेला उभी राहिली, ती तासभर उभीच राहिली. शेवटी म्हणाली, "ब्रश असा धरत्यात होय? मला कामून सांगितलं न्हाई येवढे दिवस?"

"तू इचारलं कव्हा? तुला बोलण्यातून सवड कुठं," बायनाबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा मान वर करून तिला बोटं कशी ठेवायची ते दाखवलं.

अठ्ठावीसला अडीचच्या सुमाराला शेवटचा पापुद्रा निघाला. खाली राख होती, कोरडी, काळी, तिच्या शेणाचा वासही नसलेली. निदान बोटभर खाली तरी. मॅडम भिंग घेऊन पालथ्या पडून पाहत होत्या. उठल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला माती लागली होती.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मिळेल यातून."

पुढच्या सालाचं त्यांनी काही काढलं नाही, आणि बायनाबाईनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मॅडमना खोटं बोलावं लागलं असतं, आणि खोटं बोलायला इतकी कच्ची बाई बायनाबाईनं दुसरी पाहिली नव्हती. तिनं कामटी पुसून डब्यांशेजारी ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि दाराच्या बाजूनं, जिथून देवळात येणारे-जाणारे कधीकाळी आले-गेले असतील, तिथून मंडपात आली.

"थोडं थांबा," मॅडम मागून म्हणाल्या. "चारला चहा होईल. घेऊन जा."

"नगं, माय. थांबले की बसते मी."

बाया टोपली खाली ठेवून उभ्या होत्या. महारुद्रानं उगीच एका गड्याला ओरडून घेतलं. ती पांढरी उतरून आली.

घराचं कुलूप काढलं तेव्हा तीन वाजायचे होते. तीन महिन्यांत ती या वेळेला घरी नव्हती, आणि त्याआधी असायची तेव्हाही उंबऱ्यात बसलेली. चुलीपाशी नेहमी अंधार असतो असं तिला वाटत होतं. पण पश्चिमेच्या झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा येऊन चुलीच्या तोंडाशी पडला होता, आणि तो रोजच येत असणार, ती नसतानाही. ती त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं ऊन सरकलं, तशी तीही सरकली.